असा परिवार आहे

वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ भाऊकाका गेले त्या रात्री हे एक वाक्य लिहायला आम्ही चौघं बसलो आणि पहाटेपर्यंत ते पुरं होईना. नातवंडांपर्यंत गाडी सुरळीत गेली. मग ताई म्हणाली, ‘पुतण्या घाला. हा चार वर्षं इथंच होता.’ हा म्हणजे मी. मला घातलं तर भाचा हवाच, तो सहा वर्षं होता. भाचा आला तर गावच्या शेजाऱ्यांचा मुलगा का नको? त्याचं तर लग्नसुद्धा याच घरातून झालं, मुहूर्ताची सुपारी काकूनंच फोडली. मग कुणीतरी इस्त्रीवाल्याचं नाव काढलं, तेव्हा दादानं पेन खाली ठेवलं. या जाहिरातींचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो. ‘या हिशेबानं भाऊंना पाव पान लागेल,’ तो म्हणाला, ‘आणि पाव पान फक्त आमदारांना परवडतं.’

शेवटी आम्ही ‘बराच मोठा परिवार आहे’ असं लिहून पाठवलं. छापताना त्यांनी ‘बराच’ काढून टाकला.

दोन दिवसांनी सोसायटीनं शोकसभा घेतली. सेक्रेटरी म्हणाले की, भाऊंच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ज्यांनी ते घर पाहिलंय त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, चारशे ऐंशी चौरस फूट. चाळीस वर्षांत तिथं पोकळी अशी कुणाला दिसलीच नव्हती. कधी चुकून दिसली तर भाऊकाका त्यात माणूस आणून ठेवत.

भाऊकाका टपाल खात्यात होते. निम्म्याहून अधिक नोकरी मुंबईच्या जीपीओत, बोरीबंदरला. त्या इमारतीचा त्यांना इतका अभिमान की, गावाहून मुंबई बघायला आलेल्या माणसाला ते आधी तिथं नेत. माणूस आलेला असे राणीचा बाग आणि गेटवे बघायला, आणि हे त्याला घुमटाखाली उभं करून सांगत, ‘वर बघ. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय. १९१३ साली पुरा झाला.’ माणूस मान वर करून बघे. मान खाली येईपर्यंत जेवायची वेळ झालेली असे आणि गेटवे उद्यावर जाई. उद्या म्हणजे आणखी एक मुक्काम. आमच्या एका मावशीनं मुंबईच्या तीन खेपांमध्ये जीपीओ तीनदा पाहिलं, समुद्र पाहिला तो लग्न होऊन मालवणला गेल्यावर.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तेव्हा भाऊकाका नोकरीत नवे होते. तो आकडा ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, वर संस्कृत कवी. त्यामुळे भाऊकाका पिनकोडकडे छंदात बसवलेली रचना म्हणूनच बघत. पहिल्या आकड्यावर प्रांत, तिसऱ्यावर जिल्हा, शेवटच्या तिनांवर थेट आपलं पोस्ट, हे ते पोरांना पाढ्यासारखं पाठ करून घेत. नात्यातल्या माणसांचीही त्यांनी तशीच वर्गवारी करून टाकली होती. रत्नागिरीची आत्या म्हणजे ‘चार पंधरा सहा बारा’. सावंतवाडीचे व्याही ‘चार सोळा पाच दहा’. पुण्याची धाकटी काकू सदाशिव पेठेतली, तिचं नाव ‘चार अकरा शून्य तीस’. ‘शून्य तीस येतेय गं रविवारी,’ असं ते ओरडले की काकू घरातली जळमटं काढायला घेई. बाहेरच्या माणसाला वाटे, या घरात लॉटरी खेळतात.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिलो तेव्हा त्या घरात रात्री दहाला सॉर्टिंग चाले. भाऊकाका गादीच्या गुंडाळ्या घेऊन मध्ये उभे राहत आणि माणसं लावत. पहाटेची गाडी असणारे दाराशी. घोरणारे गॅलरीत. टाटा हॉस्पिटलात दाखवायला आलेला पेशंट असेल तर तो दिवाणावर, पंख्याच्या खाली, आणि त्याच्याबरोबरचा माणूस दिवाणाला लागून, हात पोचेल असा. ज्यांचा मुक्काम किती ते नक्की नाही असे स्वयंपाकघरात. मला जेवणाच्या टेबलाखालची जागा होती. चार वर्षं मी उठताना डोकं आपटून घेतलं. अजूनही हॉटेलात मऊ गादीवर जाग आली तर मी आधी हात वर करून चाचपतो.

काकू कुठं झोपायची ते मला चार वर्षांत कळलं नाही. मी झोपेपर्यंत ती जागी असे आणि मी उठायच्या आत उठलेली.

शोकसभेत सगळे भाऊंच्या मोठ्या मनाबद्दल बोलले, म्हणून हे सांगायला हवं. मन भाऊकाकांचं मोठं होतं, पातेली काकूची. ते लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला डोंबिवली येईपर्यंत जेवायचं आमंत्रण देऊन मोकळे होत, पण आमटीत पाणी किती घातलं म्हणजे ती आमटीच राहते याचा अभ्यास काकूला करावा लागे. त्यासाठी दोघांमध्ये एक सांकेतिक भाषा होती. जिन्यातून वर येताना भाऊकाका खोकत. एक खोकला म्हणजे एक पान जास्त. दोन खोकले, दोन पानं. पाहुणा चपला काढेपर्यंत आत तांदूळ धुतलेले असत आणि पाहुण्याला वाटे, आपण आलो तेव्हा यांची जेवायचीच वेळ होती. एकदा भाऊकाकांना खरोखरीचं पडसं झालं. ऑफिसातून एकटेच आले, दोन जिने चढेपर्यंत खोकून बेजार. दार उघडलं तर काकूनं अकरा माणसांचा भात टाकलेला. ते गळ्याला मफलर गुंडाळून उभे आणि ही त्यांच्या पाठीमागे डोकावून बघतेय, बाकीचे कुठायत. तीन दिवस आम्ही फोडणीचा भात खाल्ला. त्यातला एक डबा इस्त्रीवाल्याकडे गेला, दुसरा वॉचमनकडे, आणि मग त्या दोघांनाही रोज तो डबा जायचा पायंडा पडला.

टपाल खात्यात डेड लेटर ऑफिस नावाचा विभाग असे. ज्या पत्रांना ना पाठवणाऱ्याचा पत्ता ना घेणाऱ्याचा, ती तिथं जात. काकू आपल्या घराला डेड लेटर ऑफिसच म्हणायची. त्याला कारणही तसंच होतं. एका दुपारी एक गृहस्थ बोहारणीसारखं मोठं बोचकं घेऊन दारात आले. त्यांना डोंबिवली पश्चिमेला जायचं होतं, चुकून पूर्वेला आले होते, एवढीच गोष्ट. दुसऱ्या कुणी स्टेशनचा पूल दाखवला असता. भाऊकाकांनी त्यांना जेवू घातलं, दुपारी झोपवलं, संध्याकाळी बोचकं स्वतः उचलून पश्चिमेला नेलं, पिनकोडचा शेवटचा आकडा एकाऐवजी दोन असतो हे वाटेत समजावलं आणि रात्री त्यांच्या मेव्हण्यांकडे जेवूनच परतले. पुढं त्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न जमलं तेव्हा बैठक आमच्याकडे झाली. पत्ता आता पाठ होता.

भाऊकाका रागावत नसत असं मुळीच नाही. पिनकोड न लिहिलेलं पत्र आलं की दिवसभर घुमे असत. पण पैशाच्या बाबतीत मात्र त्यांना राग, लाज, हिशेब यांपैकी काहीच येत नसे. ते चार जणांच्या कर्जाला जामीन होते. काकूच्या पाटल्या दोन वेळा सराफाकडे जाऊन आल्या. त्यावर भाऊकाकांचा विनोद ठरलेला, ‘रजिस्टर पोस्टानं पाठवल्यात, पोचपावतीसह.’ सगळे हसत. काकू हसल्याचं मला आठवत नाही. पाटल्या परत आल्या हे खरं, दुसऱ्या वेळी आल्या त्या बारीक होऊन.

१४ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली. रविवार होता. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेले भाऊकाका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, मयताला निघावं तसे फोर्टात गेले आणि रांगेत उभे राहिले. आम्हा सगळ्यांना त्यांनी तारा केल्या. माझी मी जपून ठेवलीय, तिच्यात ‘अभ्यास कर’ असं आहे. तेव्हा मला दोन मुलं होती. काकूला केलेली तार मात्र त्यांनी खास रचली होती: दुपारी जेवायला येतो, दोघे जास्त. रांगेत ओळख झालेल्या दोन माणसांना घेऊन ते दीड वाजता घरी पोचले, तार दुसऱ्या दिवशी आली. काकूनं सही करून घेतली, वाचली, आणि ‘यंदा निदान लेखी तरी कळवलंत’ म्हणून देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवून दिली.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मला दोन विषयांत केटी लागली. वडिलांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी निकालाचा कागद भाऊकाकांच्या हातात दिला आणि टेबलाखाली जाऊन बसलो. माझी खोलीच होती ती. थोड्या वेळानं तेही खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि हळूहळू आत येऊन माझ्या शेजारी बसले. सहा फूट माणूस, मान तिरकी करून. कागद त्यांनी दोनदा वाचला. ‘पत्ता अपुरा म्हणून परत आलंय,’ म्हणाले. ‘फेकून नाही दिलंय कुणी. नीट लिही, परत टाक.’ मग खिशातून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले बटाटेवडे काढले. दोन होते. एक त्यांनी मला दिला, दुसऱ्याचे दोन तुकडे केले आणि त्यातला मोठा पुन्हा मलाच दिला. आम्ही खात असताना काकूनं वाकून खाली बघितलं आणि विचारलं, ‘किती जण आहात?’

तर असे भाऊकाका मे महिन्यात गेले, एक्क्याऐंशीव्या वर्षी, दुपारच्या झोपेत. दोनच दिवस आधी गावाहून आंब्याच्या पेट्या आल्या होत्या.

आंब्यांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. दरवर्षी पेट्या आल्या की, दिवाणाखाली पेंढा पसरून भाऊकाका अढी घालत. रोज सकाळी चहाआधी बॅटरी घेऊन पालथे पडत आणि एकेक आंबा हातात घेऊन बोटानं दाबून, देठाशी नाक लावून बघत. ढीग पडत आणि प्रत्येक ढिगावर चिठ्ठी: ४१५६१२, ४००००४, ४११०३०. चांगले आंबे पिनकोडप्रमाणे रवाना होत. घरच्यांसाठी एकच नियम, ‘डागी आधी संपवा.’ नियम वरवर बघता शहाणपणाचा आहे. पण आज डागी संपवेपर्यंत उद्याचा डागी तयार होतो. त्या घरात मी चार मोसम काढले आणि एकदाही अख्खा, बिनडागाचा आंबा खाल्ला नाही. डाग सुरीनं काढून टाकायचा, राहील तो आपला. ताई तर लग्नानंतर सासरी पहिला धड हापूस हातात आला तेव्हा सवयीनं त्याला फिरवून फिरवून डाग शोधत होती.

आता दिवाणाखाली पाच पेट्यांची अढी आणि दिवाणावर समाचाराला आलेली माणसं. सुतकात घरातून काही बाहेर जायचं नाही, म्हणजे वाटप बंद. चौथ्या दिवसापासून वास सुटला. लोक डोळे पुसत खाली बसत आणि मध्येच एक दीर्घ श्वास घेत, तो दुःखाचा की हापूसचा हे सांगणं कठीण. घरच्यांनी खायचे का, यावर दोन आत्यांचं जुंपलं. एक म्हणाली, सुतकात गोड नको. दुसरी म्हणाली, आंबा काय आपण गोड केलाय, तो झाडावरच तसा होतो. शेवटी गुरुजींना फोन लावला. ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘चिरून खाल्ला तर फळ. रस काढला तर पक्वान्न.’ एवढा नेमका निवाडा मी सुप्रीम कोर्टाचाही वाचलेला नाही.

अडचण वेगळीच झाली. सुतकाच्या घरी चहापाणी घ्यायचं नसतं. आणि भाऊकाकांच्या घरातून चहा घेतल्याशिवाय उठायची कुणाला सवयच नव्हती. माणसं यायची, दोन शब्द बोलायची, गप्प बसायची आणि बसूनच राहायची. उठावं कधी हे कळेना. कप खाली ठेवला की उठायचं हा इतक्या वर्षांचा शिरस्ता, आणि कपच नाही. एका दुपारी तर खोलीत बावीस माणसं नुसती बसून होती. दादानं प्रत्येकाला हात धरून, जिन्यापर्यंत सोडायला जातो असं दाखवून बाहेर काढलं. त्यातच पेन्शनीतले एक म्हातारे सहकारी होते. त्यांना ढास लागली. तीन वेळा खोकले. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग मापट्याचा. मग काहीच आवाज आला नाही.

दहाव्याला आम्ही नाशकात रामकुंडावर गेलो. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं याची दादानं रात्रभर जागून यादी केली होती. आईला सांभाळू. जामिनाचं काय ते बघू. इस्त्रीवाल्याचा डबा चालू ठेवू. वाचायला चष्माही आणला होता. पिंडावर आम्ही आंब्याची फोड ठेवली, बिनडागाची. गुरुजी अजून बाजूला व्हायचे होते तोच कावळा उतरला. दादा यादीची घडी उलगडतोय तोवर त्यानं फोडीला एक चोच मारली, आणि खायचं सोडून कठड्यावर बसून ओरडायला लागला. ओरडता ओरडता सहा-सात जमवले. मग सगळे मिळून जेवले. दादा यादी हातात धरून जरा हिरमुसलाच. घरी आल्यावर काकूला सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे तिथंही सहा जास्त.’

तेराव्याच्या आदल्या दिवशी केटरिंगवाला विचारायला आला, किती पानं? दादा हिशेबी माणूस, बँकेत आहे. तो म्हणाला, ‘सत्तर.’ आतून काकू खोकली. केटरिंगवाल्याला काही कळलं नाही. दादा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘सव्वाशे लिहा.’ त्या दिवशी रस काढायला हरकत नव्हती, दोन पेट्यांचा निघाला. जेवायला बोचकंवाले गृहस्थ आले, थेट आले, पश्चिमेहून न चुकता. इस्त्रीवाला आला तो सहकुटुंब आणि येताना पंक्तीच्या सगळ्या पांढऱ्या चादरी इस्त्री करून घेऊन आला. पानं एकशे पंचवीसच्या वर सात गेली. त्या सातांसाठी कुणालाच काही करावं लागलं नाही, काकूनं सकाळीच उठून वेगळा भात टाकून ठेवला होता.

चौदाव्या दिवशी सकाळी घर रिकामं झालं. आम्ही दोन-तीन जणच उरलो. ताईनं दिवाणाखाली बॅटरी मारली. उरलेल्या तीन पेट्या, चिठ्ठ्या जागच्या जागी, भाऊकाकांच्या अक्षरातल्या, आकड्यांखाली पोस्टात मारतात तशी रेघ. काही आंब्यांना देठाशी काळं धरायला लागलं होतं. ‘आज वाटायला हवेत,’ ताई म्हणाली. काकू पदर खोचून खाली बसली. एकेक चिठ्ठी तिनं लांब धरून वाचली. सगळ्या वाचून झाल्या.

‘आपला पिन नाही यात,’ ती म्हणाली.

मग तिनं शून्य तीसच्या ढिगात हात घातला आणि सगळ्यात मोठा आंबा काढला, केशरी, कुठं ठिपकासुद्धा नाही.

‘अगं आई, ते पुण्याचे आहेत,’ ताई म्हणाली.

‘पुण्याला डागी पाठव. नावं काय, चांगल्यालाही ठेवतात.’

विळीवर चिरायलाही ती उठली नाही. तिथंच पेंढ्यात बसून, आंबा हातानं माचून, देठ काढून, चीक पिळून टाकून चोखायला लागली. कोपरापर्यंत ओघळ गेला. आम्ही कुणी काही बोललो नाही. साल पुन्हा पुन्हा पिळून झाली, कोय पांढरी होईपर्यंत चोखून झाली. ती तिनं चिठ्ठीवर ठेवली.

‘जरा आंबटच आहे,’ काकू म्हणाली आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.